पिणे की घेणे?

मुलांनो, स्पॅनिश भाषेचा कोणताही शब्दकोश उघडा आणि 'पिणे' या अर्थाचे क्रियापद शोधा. 'बेबेर' हा शब्द तुम्हांला लगेच सापडेल. शब्द अगदी बरोबर आहे. पण तेवढा एक शब्द पाठ करून तुम्ही स्पेनमधील एखाद्या उपाहारगृहात जाऊन बसलात, तर तिथला सेवक जवळ येऊन बहुधा असे विचारील, "के बा आ तोमार?" या वाक्यात 'बेबेर' कुठेच नाही. 'तोमार' म्हणजे घेणे. "आपण काय घेणार?" असे तो विचारत असतो.

तुम्ही म्हणाल, स्पॅनिश भाषेशी आपला काय संबंध? आपण शाळेत उर्दू शिकतो, मराठी शिकतो, हिंदी आणि इंग्रजीही शिकतो. त्यात ही पाचवी भाषा कशाला? मीही तुम्हांला ती शिकवणार नाही. बी. एड. झाल्यानंतर दोन वर्षे मी दर रविवारी स्पॅनिशच्या वर्गाला जात असे, ते केवळ हौसेखातर. परंतु तिथे बसल्यावर मला आपल्याच मराठीतील आणि उर्दूतील कितीतरी गोष्टी नव्याने दिसू लागल्या. त्यांतल्या काही आज तुम्हांला सांगते.

स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा आहे. एक स्पेन युरोपात, एक छोटा देश आफ्रिकेत आणि बाकीचे सगळे अमेरिका खंडात, मेक्सिकोपासून थेट खाली चिली-अर्जेंटिनापर्यंत. इतक्या लांबवर पसरलेल्या भाषेत पाणी पिण्यासारखी साधी क्रियादेखील सगळीकडे एकाच क्रियापदाने सांगत नाहीत.

आधी स्पेनचे पाहू. तिथे पाणी पिण्याला 'बेबेर' म्हणतात. घसा कोरडा पडला, नळाखाली ओंजळ धरली, पाणी प्यालो, ही नुसती क्रिया झाली. ती 'बेबेर'. पण मित्राला कॉफीसाठी बोलवायचे असेल, पाहुण्याला आग्रह करायचा असेल, तर 'तोमार' हे क्रियापद जास्त शोभते. आपणही तेच करतो, नाही का? घरी पाहुणे आले, की आपण "चहा पिणार का?" असे क्वचितच विचारतो. "चहा घेणार ना?" असे विचारतो. उर्दूतही "चाय पीजिए" पेक्षा "चाय लीजिए" कानाला अधिक अदबीचे वाटते. पिणे हे घशाचे काम आहे. घेण्यात मात्र एक देणारा असतो, दुसरा घेणारा असतो आणि मध्ये पुढे केलेला हात असतो.

त्यातही एक खुबी आहे. पाण्याचा पेला कोणाच्या हाती देताना स्पॅनिश माणूस "तोमा" असे म्हणतो. समोर वडीलधारी व्यक्ती असेल, तर "तोमे" म्हणतो. आपण "घे" आणि "घ्या" म्हणतो तसेच. मग त्या 'तोमा'चा अर्थ काय धरायचा? पेला हातात धर असा, की पाणी पी असा? दोन्ही. मराठीतल्या 'घे'मध्येही हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, आणि आजवर कोणाचाही घोटाळा झालेला नाही.

मात्र 'तोमार'चा अर्थ 'पिणे' एवढाच धरून बसाल तर फसाल. स्पेनमध्ये जेवणानंतर गोड काय घेणार, हे विचारतानाही 'तोमार' येते. सूपसुद्धा 'तोमार' करतात. औषधाची गोळी 'तोमार' करतात. मराठीत आपण गोळी घेतो. उर्दूत मात्र "गोली खाई" किंवा "दवा पी" असे म्हणतो. निर्णयाचेही तसेच आहे. उर्दूत फैसला 'करतात', मराठीत निर्णय 'घेतात', स्पॅनिशमध्येही तो 'घेतात'. तुमच्या वहीत "त्याने निर्णय केला" असे वाक्य दिसले, की ते कोणत्या दारातून आत आले हे मला लगेच कळते!

आणखी एक उदाहरण मला फार आवडते. थंडीच्या दिवसांत सकाळी ओट्यावर बसून आपण काय करतो? मराठीत 'ऊन खातो'. उर्दूत 'धूप सेंकतो'. स्पेनचा माणूस 'तोमार एल सोल' करतो, म्हणजे सूर्य घेतो. संध्याकाळी आपण हवा खायला बाहेर पडतो. तोही बाहेर पडतो, पण हवा खात नाही, हवा घेतो. आणि एखाद्याची थट्टा करायची असेल, तर तो त्याचे चक्क केस घेतो! 'तोमार एल पेलो', म्हणजे शब्दशः केस घेणे. अर्थ मात्र चेष्टा करणे. आपण टोपी घालतो, ते केस घेतात. थट्टा आणि फसवणूक या दोन्ही भानगडी डोक्याशीच का येतात, हे मला अजून उमगलेले नाही.

आता अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिका खंडात जाऊ. तिथल्या बहुतेक देशांत रोजच्या बोलण्यातून 'बेबेर' मागे पडले आहे. पाणीदेखील 'तोमार' करतात. 'बेबेर' सर्वांना समजते, लिहिण्यात येते, पण घरगुती बोलण्यात ते काहीसे पुस्तकी वाटते. उलट स्पेनमध्ये बस पकडण्यासाठी 'कोहेर' हे अगदी साधे क्रियापद वापरतात. मेक्सिको आणि अर्जेंटिना या देशांत मात्र ते चारचौघांत उच्चारण्याजोगे राहिलेले नाही. तिथे बसही 'तोमार' करतात. एकाच भाषेतला एकच शब्द एका गावात सभ्य आणि दुसऱ्या गावात असभ्य! असे झाले म्हणजे शब्दकोश बिचारा काय करणार?

अमेरिकेतल्या या 'तोमार'ची एक गोष्ट माझ्या मामूंची आहे. मामू मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. जहाजावरच्या पेरू देशातील सोबत्यांकडून त्यांनी कामापुरती स्पॅनिश उचलली होती. २००६ साली त्यांचे जहाज पेरूच्या कायाओ बंदरात थांबले होते, तेव्हा एका सोबत्याने त्यांना आपल्या घरी जेवायला नेले. सगळे जेवायला बसले. सोबत्याच्या वृद्ध वडिलांनी मामूंकडे पाहून एकच शब्द विचारला, "तोमा?"

आता नीट लक्ष द्या. मघाशी आपण 'तोमा' म्हणजे 'घे' असे पाहिले. पण आवाज चढवून प्रश्न म्हणून विचारले, की त्याच रूपाचा अर्थ 'आपण घेता का?' असा होतो. काय घेता, ते वाक्यात नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर क्रियापद आहे, पण कर्म नाही. तुमच्या उर्दू कवाइदच्या पुस्तकात ज्याला मफऊल म्हणतात, ते इथे गाळलेले आहे. आणि असे गाळले, की त्याचा अर्थ ठरलेला असतो. मराठीत कोणी दबक्या आवाजात "तो घेतो" असे म्हणाले, की काय घेतो हे विचारावे लागत नाही. उर्दूत "वह पीता है" एवढेच म्हटले, तरी ऐकणारा समजतो. स्पेनमध्ये 'बेबेर' आणि पेरूमध्ये 'तोमार' असेच एकटे आले, की बोलणे दारूचे असते. तीन भाषांनी एकमेकींना न विचारता दारूचे नाव वाक्यातून वगळले आहे!

मामूंनी उत्तर दिले, "नो तोमो." मी घेत नाही. त्यांनीही कर्म घातले नाही. कोणी 'का' म्हणून विचारले नाही, आग्रह केला नाही. म्हाताऱ्या गृहस्थांनी मामूंच्या पुढ्यातला मद्याचा पेला उचलून बाजूला ठेवला आणि आत काहीतरी सांगितले. आतून जांभळ्या रंगाच्या पेयाचे मोठे भांडे आले. त्याला तिथे 'चिचा' म्हणतात, हे कळताच मामू थबकले. कारण जहाजावर त्यांनी ऐकले होते, की चिचा ही मक्याची आंबवलेली दारू असते. ते खरेही आहे. 'चिचा दे होरा' तशीच असते. पण ही 'चिचा मोरादा' होती. जांभळा मका, अननसाची साल, दालचिनी आणि लवंग पाण्यात उकळून, गाळून, त्यात साखर आणि लिंबू घालून केलेले हे सरबत. त्यात नशा नाही. मामूंनी विचारून खात्री करून घेतली आणि मग दोन पेले घेतले. "नो तोमो म्हणालो, आणि लगेच घेतले!" असे ते हसत सांगत. पण त्यांच्या बोलण्यात विसंगती मुळीच नव्हती. पहिल्या वाक्यात कर्म नव्हते, दुसऱ्या वेळी ते समोर भांड्यात होते.

पिण्यावरून आता खाण्याकडे वळू, कारण तिथे आपली मुले जास्त अडखळतात. स्पॅनिशमध्ये खाण्याला 'कोमेर' म्हणतात. स्पेनमध्ये "आम्ही कोमेर केले" एवढे सांगितले, की दुपारचे जेवण झाले असा अर्थ होतो. शिवाय न्याहारी करण्याचे क्रियापद वेगळे, दुपारनंतर थोडेसे खाण्याचे वेगळे, रात्री जेवण्याचे वेगळे. मराठीत 'खाणे' आणि 'जेवणे' ही दोन क्रियापदे आहेत. आंबा खातात, वडा खातात. पण ताटावर बसून पोटभर खाल्ले, तर जेवतात. "मी जेवलो" यात सगळे आले. उर्दूत मात्र जेवण्यासाठी असे स्वतंत्र क्रियापद नाही. म्हणून आपण 'खाना खाया' असे म्हणतो आणि मराठी लिहिताना "मी जेवण खाल्ले" असे लिहून मोकळे होतो.

आमच्या शाळेतील आठवीच्या एका मुलीने आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत ईदच्या दिवसाचे वर्णन केले. छान बोलत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "आम्ही सर्वांनी जेवण खाल्ले आणि चाचांनी बाहेर जाऊन सिगारेट पिली." सभागृहात हशा पिकला. तिला कळेना, काय झाले. ती थांबली, पुढचे भाषण विसरली आणि खाली उतरली. त्यानंतर काही आठवडे मराठीच्या तासाला तिचा हात एकदाही वर झाला नाही. एके दिवशी तास संपल्यावर ती माझ्याजवळ आली.

"टीचर, मी काय म्हणाले, ते त्यांना समजले नव्हते का?"

"समजले होते."

"मग हसले का?"

प्रश्न सरळ होता. मी तिला फळ्यापाशी नेले आणि तीन भाषांत तीन क्रियापदे लिहिली. उर्दूत सिगरेट 'पीना'. मराठीत सिगारेट 'ओढणे'. स्पॅनिशमध्ये 'फुमार', हे क्रियापद धूर या अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दापासून आले आहे, आणि तो लॅटिन शब्द संस्कृत 'धूम' शब्दाचा लांबचा भाऊ लागतो. मी तिला हेही सांगितले, की इजिप्तचा अरबी माणूससुद्धा आपल्यासारखी सिगारेट 'पितो'. ती बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "टीचर, पण स्टेशनवर तर मराठीत 'धूम्रपान' लिहिलेले असते. पान म्हणजे पिणेच ना?"

पाहिलेत? पाटी रोज सगळेच वाचतात. त्या दिवशी हसणाऱ्यांनीही ती वाचलेली असेल. धूर पिणे मराठीला अजिबात परके नाही; फक्त ते संस्कृतचा पोशाख घालून आले, की कोणी हसत नाही. तरी परीक्षेत मात्र 'सिगारेट ओढणे' असेच लिहा, बरे का! आजच्या बोलीभाषेतला प्रघात तो आहे, आणि 'जेवण खाल्ले' ऐवजी 'जेवलो' हेच मराठीला शोभते. ती मुलगीही आता तसेच लिहिते. पण ती हसणाऱ्यांपेक्षा एक गोष्ट जास्त जाणून लिहिते.

'पिणे' या क्रियापदाची मराठीत आणखी एक खोड आहे, तीही इथेच सांगून टाकते. उर्दूत "लडकी ने पानी पिया". तिथे 'ने' हवाच. मराठीत "मुलीने भाकरी खाल्ली", पण "मुलगी पाणी प्यायली". मुलीला 'ने' लागला नाही! खाण्याला लागतो, पिण्याला लागत नाही. जेवणे, शिकणे, विसरणे यांनाही लागत नाही. का, ते विचारू नका; वाक्ये मोठ्याने म्हणा, कानाला सवय होईल.

स्पॅनिश पिण्याची खोड निराळी आहे. "बेबियो आग्वा" म्हणजे तो पाणी प्यायला. किती प्यायला, ते ठाऊक नाही. आणि "से बेबियो एल आग्वा" म्हणजे होते नव्हते ते सगळे पाणी त्याने संपवले. एवढ्याशा 'से'ने पेला रिकामा झाला! वर्गातले बाकीचे विद्यार्थी या 'से'ला वैतागले होते. मला मात्र तो ओळखीचा वाटला. उर्दूत "पानी पिया" आणि "पानी पी गया" यांत जो फरक आहे, मराठीत "पाणी प्यायला" आणि "पाणी पिऊन टाकले" यांत जो फरक आहे, तोच हा. आपण शेवटी 'गया' किंवा 'टाकले' जोडतो, ते आधी 'से' जोडतात. घरी दोन भाषा असणाऱ्याला तिसरी भाषा अशी मध्येच ओळख देते.

तहानेचे मात्र तिघांचे एकमत नाही. आपल्याला उर्दूत प्यास लगती है, मराठीत तहान लागते, म्हणजे तहान बाहेरून येऊन आपल्याला लागते. स्पॅनिश माणसाकडे तहान 'असते'. "तेंगो सेद", माझ्याजवळ तहान आहे. पैसे असावेत तशी.

आता तहानलेल्याला पाणी द्यायचे आहे. आपण 'पाजतो'. उर्दूत 'पिलाते हैं'. पिणे-पाजणे, पीना-पिलाना! एक अक्षर फिरवले, की क्रिया दुसऱ्याच्या ओठापर्यंत जाते. स्पॅनिशमध्ये ही सोय नाही. तिथे 'दार दे बेबेर' असे तीन शब्द जोडावे लागतात: प्यायला देणे. आणि गंमत अशी, की पाहुणचारात मागे राहिलेले 'बेबेर' इथे पुन्हा पुढे येते. तहानलेल्याला पाणी देणे हे ख्रिस्ती धर्मात दयेचे एक कृत्य मानले आहे, आणि स्पॅनिशमध्ये ते याच शब्दांत सांगतात. मोहर्रममध्ये आपल्या मोहल्ल्यात सबील लागते, तेव्हा मला हे शब्द आठवतात. तिथे येणाऱ्याला आपण "काय घेणार?" असे विचारत नाही.

पाणी देण्याचा आणखी एक शब्द स्पेनमध्ये आहे आणि तो तुमच्या घरातलाच आहे. इसवी सन ७११ ते १४९२ या काळात स्पेनच्या लहानमोठ्या भागांवर मुस्लिम राज्यकर्त्यांची सत्ता होती. त्या काळात हजारो अरबी शब्द स्पॅनिशमध्ये मिसळले. साखरेला स्पॅनिशमध्ये 'आसुकार' म्हणतात, ते अरबी 'अस्-सुक्कर'वरून. शेताला पाणी देणाऱ्या पाटाला 'आसेकिया' म्हणतात, ते अरबी 'अस्-साकिया'वरून. उर्दू शायरीतला साकी ज्या धातूपासून निघाला, त्याच धातूपासून हा पाट निघाला आहे. एक पेला भरतो, दुसरा शेत भरतो. आणि अरबी 'शराब' या शब्दाचे काय झाले, ते ऐका. मूळ अरबीत त्याचा अर्थ कोणतेही पेय. उर्दूत आल्यावर तो बिघडला, मद्य झाला. स्पेनमध्ये गेला तो 'हाराबे' झाला. आणि हाराबे म्हणजे खोकल्याचे गोड औषध! अर्थात तेही 'तोमार' करतात.

शेवटी माझे सर्वांत आवडते क्रियापद. अर्जेंटिना, उरुग्वे आणि पॅराग्वे या देशांत 'माते' नावाचे पेय पितात. सुकवलेला कडवट पाला एका लहानशा भोपळ्याच्या भांड्यात भरतात, त्यात गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ते ओढून पितात. चहा 'करतात', सरबत 'वाढतात'; पण माते ना करतात, ना वाढतात. त्याला वेगळे क्रियापद आहे, 'सेबार'. मूळ अर्थ जनावराला खाऊ घालून पुष्ट करणे! एकाच व्यक्तीने भांडे सांभाळायचे, पहिला कडू घोट स्वतः घ्यायचा, मग पाणी भरून एकेकाला द्यायचे. ज्याचे त्याने संपवायचे आणि भांडे परत करायचे. नळी सर्वांची एकच. भांडे पुन्हा भरते आणि पुढच्याकडे जाते, असा तासन्‌तास क्रम चालतो. भांडे घेताना कोणी आभार मानत नाही. 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, हा शब्द भांडे परत करताना उच्चारला, तर त्याचा अर्थ "मला पुरे" असा होतो. पहिल्याच फेरीत सौजन्याने 'ग्रासियास' म्हणणाऱ्या पाहुण्याकडे तो भोपळा पुन्हा येत नाही.